हे काम कुठल्या टेबलाचं?

नमस्कार मंडळी. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत आवक-जावकला गेली. त्यामुळं पत्रिकेवर माझं नाव आणि खाली ‘स्तनाचा कर्करोग : माहिती आणि आधार कुठं मिळतो’ हे वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ द्यात. मी डॉक्टर नाही, औषधातलं मला कळत नाही आणि कळतंय असा आवही आणणार नाही. पण कागद कुठून येतो, कुठं जातो आणि कुठं अडकून पडतो, हे मला झोपेतून उठवून विचारा.

सरकारी कचेरीत माणूस सगळ्यात जास्त बेजार होतो तो चुकीच्या टेबलासमोर उभा राहून. तासभर थांबायचं आणि मग ऐकायचं, ‘हे आमच्याकडं नाही, पलीकडं विचारा.’ हसताय म्हणजे सगळे आमच्या कचेरीत येऊन गेलेले दिसताय!

तर या आजारातही तीन टेबलं आहेत, एवढंच माझं म्हणणं. आजाराचे प्रश्न डॉक्टरांच्या टेबलावर. पैशाचे आणि कागदाचे प्रश्न आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी योजनेचे रुग्णालयात बसणारे मदतनीस, आणि समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलावर. आणि घरातले, अंगावरच्या कपड्याचे, नवऱ्याला काय सांगायचं असले प्रश्न, ते ज्या बाईनं हे सोसलंय तिच्या टेबलावर. आपल्याकडं होतं काय, तिन्ही टेबलांचे प्रश्न घरच्या सोप्यात बसलेल्या पाहुण्यांपुढं ठेवले जातात. आणि पाहुणे सगळ्यांची उत्तरं देतात.

माझ्या धाकट्या जावेचं सांगते. तिला विचारून सांगतेय, ती मागच्या रांगेत बसलीय. गाठ तिच्या हाताला लागली होती, पण दुखत नव्हती, म्हणून ती गप्प बसली. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा हिशेब इथं चालत नाही. सुरुवातीला ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. शेवटी दाखवलं. डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी, मॅमोग्राफी करा आणि सुईनं बारीक तुकडा काढून तपासायला पाठवा, म्हणजे बायोप्सी. झालं. संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणे सुरू. एका बाईनं गव्हांकुराचा रस आणला, स्टीलच्या डब्यात, वर फडकं बांधून. एकजण मोबाइल पुढं करून लिंबू आणि खाण्याच्या सोड्याचा व्हिडिओ दाखवत होता. शेजारच्या काकू आल्या त्या इतक्या रडल्या, की जिला आजार तिनंच उठून त्यांना चहा करून दिला. चुलत नणंदेनं विचारलं, ‘कुणाला बाधतं का गं हे? पोरांची ताटं वेगळी ठेवा.’ बाधत नाही हो! ज्यांचं शिक्षण झालंय, पोरं इंजिनिअर आहेत, त्या घरातली ही बाई.

आणि मग आमचे मामेसासरे. पटका, हातात काठी, सोप्यात मधल्या खुर्चीवर. म्हणाले, ‘सून, एक ऐक. लोखंड लावून घ्यायचं नाही. लोखंड लागलं की पसरतंय.’ सगळ्या सोप्यानं माना हलवल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. या माणसाच्या पोटावर अपेंडिक्सच्या टाक्यांची वीतभर खूण आहे, मी स्वतः बघितलीय, उन्हाळ्यात ते सदरा काढून बसतात. तिथं काय लाकूड वापरलं होतं का? पण बोलायची सोय नाही, नात्यानं मोठे.

त्या एका वाक्यात आमचे पंधरा-वीस दिवस गेले. पुढं डॉक्टरांच्या टेबलावर प्रश्न गेला तेव्हा त्यांनी न चिडता सांगितलं, की सुईनं तुकडा काढल्यामुळं आजार पसरत नाही. तुकडा काढल्याशिवाय मात्र उपचार ठरत नाहीत. ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते बघणाऱ्या) आणि हर-टू (त्या नावाचं प्रथिन जास्त आहे का ते बघणारी) या तपासण्या त्याच तुकड्यावर होतात. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग, हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्याचं औषध वेगळं. म्हणजे दोन बायकांना एकाच नावाचा आजार असून उपचार निराळे असू शकतात. ‘माझ्या मावशीला अमुक इंजेक्शननं बरं वाटलं’ हे वाक्य म्हणून बिनकामाचं.

आता तिसरं टेबल. ऑपरेशनच्या आधी कपिलतीर्थ मार्केटातल्या एक भाजीवाल्या मावशी घरी आल्या. आम्ही त्यांच्याकडून वर्षानुवर्षं मेथी घेतोय, आणि त्यांचं एका बाजूचं ऑपरेशन झालेलं आम्हाला माहीतच नव्हतं! त्यांनी जावेला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. मला आत घेतलं ते पिशवी धरायला. जुन्या ब्लाउजच्या कापडाची शिवलेली पिशवी, लांब बंदाची, खांद्यावरून अडकवायची. म्हणाल्या, ‘ऑपरेशन झाल्यावर नळी असतीया, तिला बाटली असतीया. हातात धरून फिरायचं व्हय? यात ठेवायची.’ मग पुढून हुकाचा सैल ब्लाउज. मग भिंतीवर बोटं चढवून दाखवली, रोज थोडी वर न्यायची, पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच, आधी नाही. आणि तो हात सुजला, जड वाटला तर लाजायचं नाही, लगेच दाखवायचं. जावेनं त्यांना काय काय विचारलं ते मी सांगणार नाही. बाहेर आली तेव्हा आठवडाभरात पहिल्यांदा पोटभर जेवली.

ही पिशवी कुठल्याही पत्रकात नव्हती. कोल्हापुरात कुठल्या तालमीत कोण कुणाला चितपट केला हे माहीत, आणि आपल्याच गल्लीत कुठली बाई यातून बरी झालीय हे माहीत नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला. मग या सगळ्या राहतात कुठं?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो, दुसरं टेबल अजून तसंच आहे, आणि पत्रिकेत छापलंय ते तेच! भराभर सांगते, लिहून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांना. तिथं दाराजवळ आरोग्यमित्र बसतात, दाखल व्हायच्या आधी त्यांना भेटा. ही योजना कॅशलेस आहे, बिल भरून मागून पावत्या नेल्या तर उपयोग नाही. एका रुग्णालयात आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही, तपासण्यांचे पैसे गेले ते गेले. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव आजच ताडून बघा. लग्नाआधीचं एकावर, नंतरचं दुसऱ्यावर, म्हणजे फाईल अडकली. चौकशीचा नंबर १५५३८८. आयुष्मान भारतचा १४५५५.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवकांना नाव घेऊन विचारा, आपणहून कुणी सांगेल याची वाट बघू नका. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

मुंबईला टाटा कॅन्सर रुग्णालयात जायचं असेल, परळचं, १९४१ पासूनचं, तर रेल्वेत सवलत आहे. रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन दादरला उतरा, परळ जवळ आहे. राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. जागेसाठी रुग्णालयाचे कागद लागतात, ते बरोबर असू देत. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आहे, मुंबईतलीच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून. आर्थिक मदतीसाठी दोन्हीकडं अर्ज करता येतो. पण उपचार सुरू करायचं थांबवून अर्जाची वाट बघत बसू नका.

फाईल एकच ठेवा, तारखेनं लावलेली, जुनं खाली, नवं वर. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट घरात, प्रती बाहेर. पॅराफिन ब्लॉक नावाची मेणाची वडी असते, तुकडा त्यात जपलेला असतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर ती लॅबमधून मागून घ्या, पुन्हा तपासता येते.

वेळ संपली. दाराशी वही ठेवलीय. ज्यांचे उपचार पूर्ण झालेत आणि ज्यांना दुसऱ्या बाईशी बोलायची तयारी आहे, त्यांनीच नाव लिहायचं. नंबर परस्पर कुणाला दिला जाणार नाही, आधी तुम्हाला विचारलं जाईल. आणि पुरुषमंडळी, बायकोच्या वतीनं तुम्ही नाव लिहू नका. तिला स्वतःला लिहू द्या, किंवा नाही लिहू द्या.