उल्केला दोन-दोन वयं कशी? गुळाची ढेप घेऊन बसलोय

नमस्कार मंडळी, बेळगावातनं बोलतोय. मागच्या व्हिडिओखाली सगळे एकच विचारूलालेत, "एकदा म्हणता उल्का 456 कोटी वर्षांची, एकदा म्हणता 2 कोटी, काय ते एकदा ठरवा की ओ!" अहो दोन्ही खरं आहे!

बेसिक उरकतो. कॉस्मिक किरण म्हणजे अवकाशातनं येणारे कण, बहुतेक प्रोटॉन, प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळणारे. उल्केतल्या मॅग्नेशियम, सिलिकॉनच्या अणुकेंद्रावर आदळले की ते फुटतं, तुकड्यांतनं हेलियम-3, निऑन-21, अॅल्युमिनियम-26 असले आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, तो आकडा म्हणजे वजन) तयार होतात. झालं.

एकानं लिहिलंय, मग सगळा दगडच बदलत असेल. नाही ओ. भरलेल्या राकसकोप धरणात घागरभर पाणी ओतलं तर कुणाला कळणार? तसं दगडातल्या ऑक्सिजनचं, तो मुळातच गच्च भरलेला. निऑन मात्र जवळजवळ नसतंच, कोरडा माठ, चार थेंब पडले तरी दिसतात. त्यात आपल्या हवेतल्या निऑनमध्ये निऑन-21 असतो फक्त 0.27 टक्के, आणि किरणांनी बनवलेल्या निऑनमध्ये 20, 21, 22 तिन्ही साधारण सारखेच, त्यामुळं लॅबमध्ये चोर लगेच सापडतो.

आता वय. ही ढेप बघा, निपाणीकडनं आणलीय. गुळ केला दिवाळीत, ढेप फोडली शिमग्याला. फोडलेलं तोंड काळवंडलंय ते शिमग्यापासनं, दिवाळीपासनं नाही! उल्केचं तेच. किरण दगडात एक-दोन मीटरच्या खाली फारसे जात नाहीत, म्हणून मोठ्या लघुग्रहाच्या पोटात ती कोट्यवधी वर्षं सुरक्षित असते. टक्कर झाली, तुकडा सुटला, की रिक्षासारखं मीटर सुरू. निऑन-21 मोजून निघतं ते फुटल्यापासनंचं वय, जन्माचं नाही. परत सांगतो, जन्माचं नाही. घर आजोबांनी बांधलं आणि रंग गेल्या वर्षी दिला, तर रंग बघून घराचं वय सांगाल काय?

दगडी उल्कांचं हे वय बहुतेक काही कोटी वर्षांच्या आतच असतं, त्या टकरा खाऊन लवकर फुटतात. लोखंडी चिवट, त्यांचं दहा-दहा कोटींच्या पटीत जातं.

लोखंडावरनं आठवलं, कृपा करून चुंबक चिकटला म्हणून फोटो पाठवू नका. आमच्या मामानं खानापूरच्या शेतात सापडलेली "उल्का" शोकेसमध्ये ठेवली होती, ती निघाली फाउंड्रीतला स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना उरलेला मळ. उद्यमबागेतले कारखाने एवढ्या जवळ असताना दुसरं काय निघणार! मामा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आणि हो, उल्का जमिनीवर पडली की वरची हवा किरण अडवते, नवा माल बंद. मग अॅल्युमिनियम-26 दर सुमारे 7 लाख वर्षांनी निम्मा होत जातो, किती उरलाय त्यावरनं ती पडून किती काळ झाला ते काढतात. म्हणजे हे तिसरं वय. आता ह्याच्यावरनं खाली भांडा.