कोल्ट नक्की कुणाचा?

बॉल्टिमोर. अमेरिकेतलं मेरीलँड राज्यातलं बंदर. इथलं पिमलिको रेसकोर्स १८७० सालचं. १८७३ मध्ये प्रीकनेसची पहिली शर्यत इथेच झाली. ही शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. खच्ची न केलेल्या अशा तरण्या नराला रेसवाले म्हणतात 'कोल्ट'.

याच घोडेवेडापायी १९४७ मध्ये शहरातल्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव ठेवलं गेलं कोल्ट्स. पुढे हेल्मेटवर घोड्याचा नाल आला.

आता बघा कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा निळा घुमट. सॅम्युएल कोल्टच्या पिस्तुलांच्या कारखान्याचा. कोल्ट हे त्याचं आडनाव. पण फुकटची जाहिरात सोडील तो व्यापारी कसला? घुमटाच्या टोकावर त्याने मागच्या पायांवर उभा राहिलेला सोनेरी घोडा बसवला. १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलेल्या या माणसामुळे अर्ध्या जगाला कोल्ट म्हटलं की पिस्तूलच आठवतं. ह्यूस्टनच्या बेसबॉल संघाने तर १९६२ मध्ये पिस्तुलावरूनच 'कोल्ट फॉर्टी-फाइव्ह्ज' हे नाव घेतलं. तीन वर्षांत बदललं ते सोडा.

परत बॉल्टिमोरला. मार्च १९८४. स्टेडियमवरून मालक रॉबर्ट अर्से आणि सरकार यांचं फाटलेलं. संघच ताब्यात घेण्याचा कायदा विधिमंडळात पुढे सरकत होता. २८ तारखेच्या रात्री, पडत्या बर्फात, मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक सराव केंद्रावर लागले. पहाटेपर्यंत हेल्मेटं, बाकडी, कागदपत्रं सगळं इंडियानापोलिसच्या वाटेवर. नावसुद्धा. मोठ्यांच्या भांडणात शिंगरू मेलं हेलपाट्यानं, ते असं. संघाच्या बँडचे गणवेश तेवढे वाचले, कारण ते धुलाईला गेले होते! बँडवाले मग संघ नसतानाही वर्षानुवर्षं वाजवत राहिले.

१९९४ मध्ये कॅनडाच्या फुटबॉल लीगमधला एक नवा संघ बॉल्टिमोरात आला. त्याला जुनं नाव हवं होतं. इंडियानापोलिसवाले कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, लोकांचा गोंधळ होईल, कोल्ट्स म्हणायचं नाही. तो मोसम संघ बिननावाचाच खेळला.

१९९५ मध्ये नाव ठरलं स्टॅलियन्स, म्हणजे पूर्ण वाढलेले नर घोडे. त्याच वर्षी त्यांनी ग्रे कप, म्हणजे त्या लीगचं अजिंक्यपद जिंकलं. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही संघाला ते आजवर मिळालेलं नाही.