चाल ओळखीची झाली की आक्रमण कसे सुधारायचे? ओहायो स्टेटचा २०२४ चा हंगाम

नमस्कार मंडळी. आज आपण अमेरिकन कॉलेज फुटबॉलविषयी बोलणार आहोत, म्हणजे हेल्मेट आणि पॅड चढवून, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी ज्यात झुंज चालते त्या खेळाविषयी. आपल्यापैकी अनेकांची मुले आणि भाचरे अमेरिकेतील विद्यापीठांत शिकतात, त्यामुळे शनिवारच्या या सामन्यांचे वेड बऱ्याच मराठी घरांपर्यंत पोहोचले आहे आणि खेळाची बाराखडी तुम्हाला ठाऊक असेल असे मी धरून चालतो. प्रश्न त्यापुढचा आहे. हंगाम निम्म्याहून अधिक सरला आहे, संघात खेळाडू उत्तम आहेत, आणि तरीही तुमची पुढची चाल समोरच्या बचावाला आधीच कळते आहे. अशा वेळी प्रशिक्षकाने नेमके काय बदलावे?

यासाठी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाच्या २०२४ च्या हंगामाइतके बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी कोलंबसमध्ये, घरच्या मैदानावर, लाखभर प्रेक्षकांसमोर हा संघ मिशिगनकडून १३-१० असा हरला. ओहायो स्टेटने त्याआधीच्या अकरापैकी दहा लढती जिंकल्या होत्या, तर मिशिगनने सहा जिंकून पाच गमावल्या होत्या. मध्यंतराला १०-१० अशी बरोबरी होती आणि उत्तरार्धात ओहायो स्टेटला एकही गुण मिळाला नाही. दोन फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून गुण मिळवण्याचे प्रयत्न) हुकले आणि क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) विल हॉवर्डचे दोन पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले, हे खरेच. पण ज्या आकड्यापाशी थांबायला हवे तो धावांचा आहे. चेंडू घेऊन २६ वेळा धावले आणि मिळाले ७७ यार्ड, म्हणजे एका धावेमागे जेमतेम तीन यार्ड.

या धावा कुठे झाल्या हे पाहिले की दुखणे कळते. ऑक्टोबरमध्ये ओरेगनविरुद्ध डावा टॅकल (आघाडीच्या फळीच्या टोकाचा खेळाडू) जॉश सिमन्स जखमी होऊन हंगामाबाहेर गेला होता आणि नोव्हेंबरमध्ये सेंटर (फळीच्या मधोमध राहून चेंडू मागे देणारा) सेथ मॅक्लॉफलिनही गेला. डावा गार्ड (सेंटरशेजारचा खेळाडू) डोनोव्हन जॅक्सन याला टॅकलच्या जागी सरकवावे लागले, सेंटरच्या जागीही दुसरा खेळाडू आणावा लागला, आणि आघाडीच्या फळीचा मधला भाग सर्वांत कच्चा राहिला. मिशिगनची सर्वांत भक्कम जागा मात्र नेमकी तीच होती: मेसन ग्रॅहॅम आणि केनेथ ग्रँट हे दोन आडदांड खेळाडू, जे पुढल्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत अनुक्रमे पाचव्या आणि तेराव्या क्रमांकावर उचलले गेले. अशा भिंतीवर पुन्हा पुन्हा मधूनच धावत जाणे, आणि जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) कडेला उभा असताना तसे करणे, हे मला आजही पटत नाही.

आता चाल ओळखू येते म्हणजे नेमके काय होते, ते जवळून पाहू. बचावाचा लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू) चेंडू सुटण्याआधीची काही क्षणांची चित्रे वाचत असतो. समोरच्या लाइनमनने (आघाडीच्या फळीतल्या खेळाडूने) जमिनीवर टेकवलेल्या हाताकडे पाहा: भार पुढे देऊन बोटे घट्ट रोवलेली असतील तर तो ढकलत पुढे येणार, म्हणजे धाव, टाचांवर बसल्यासारखा हलका टेकला असेल तर तो मागे सरकणार, म्हणजे पास. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) क्वार्टरबॅकच्या डाव्या हाताला उभा असेल तर बहुतेकदा तो त्याच्यासमोरून ओलांडून उजवीकडे धावतो. कॉलेजच्या मैदानाचीही यात भूमिका असते. येथे मधल्या हॅश खुणांच्या दोन रांगांत ४० फुटांचे अंतर आहे, एनएफएलमध्ये ते साडेअठरा फूट आहे. त्यामुळे चेंडू एका खुणेवर ठेवला की एका बाजूला १०० फूट रुंद पट्टा उरतो आणि दुसरीकडे फक्त ६० फूट. संघाला रुंद बाजूकडे धावण्याची आणि अरुंद बाजूला ठरावीक पास टाकण्याची सवय लागली, की प्रतिस्पर्ध्याचे विश्लेषक ती चित्रफितींवरून आठवडाभरात हुडकून काढतात.

म्हणूनच दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे स्वतःच्या संघाकडे शत्रूच्या नजरेने पाहणे. दोन सामन्यांमधल्या मोकळ्या आठवड्यात प्रशिक्षक आपल्याच प्रत्येक चालीची नोंद काढतात: कोणता डाउन (चारपैकी कितवा प्रयत्न), किती यार्ड हवे होते, कोणती रचना, चेंडू कोणत्या खुणेवर, आणि शेवटी धाव की पास. समजा, एका रचनेतून खेळलेल्या दहा चालींपैकी आठ धावा निघाल्या, तर ती रचना म्हणजे बचावाला दिलेली जाहीर सूचनाच आहे.

मात्र निदान करताना एक भेद चुकू नये. चाल आधी कळते म्हणून अडते, की कळो न कळो, ती नीट वठतच नाही म्हणून अडते? आर्मीचा, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीचा, संघ बहुतेक वेळा धावणारच, हे साऱ्या देशाला माहीत असते. तरीही २०२४ मध्ये त्याने १२ सामने जिंकले आणि आपल्या कॉन्फरन्सचे (विद्यापीठांच्या गटाचे) विजेतेपदही मिळवले. त्यांच्या ऑप्शन पद्धतीत धाव ठरलेली असते, पण चेंडू तिघांपैकी कोणाच्या हातात राहील, हे बचावपटूच्या हालचालीवरून त्या क्षणी ठरते. म्हणजे संघाची आवड ओळखीची असली तरी बिघडत नाही. त्या विशिष्ट चालीचे उत्तर आधी कळता कामा नये.

यावर चाहते आणि कधीकधी समालोचकही एकच औषध सुचवतात: नव्या चाली आणा. मला हे औषध रोगापेक्षा घातक वाटते. हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला २० तासांहून अधिक आणि दिवसाला चार तासांहून अधिक सराव करून घेण्याची परवानगी कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए देत नाही, बैठका आणि चित्रफिती पाहण्याचा वेळही त्यातच धरला जातो, आणि ही मुले वर्गातही बसतात. अशा वेळी पंधरा नव्या चाली शिकवल्या तर एकही अंगवळणी पडत नाही, आणि लाइनमन विचार करू लागला की त्याचे पाऊल उशिरा पडते. उलट चालींची वही पातळ करावी आणि उरलेल्या प्रत्येक चालीला तिच्यासारखीच दिसणारी जोडीदार चाल द्यावी. फिरकी गोलंदाजाची गुगली फलंदाजाला चकवते, ती त्याच हाताच्या, त्याच लयीतून येते म्हणून; इथेही तसेच आहे. मधून धाव घेण्याची एकच रचना घ्या. तिच्यातूनच चेंडू देण्याचे सोंग करून पास टाकता येतो, त्यालाच प्ले-अ‍ॅक्शन म्हणतात. बचाव पुढे झेपावला तर त्याच्या डोक्यावरून छोटा स्क्रीन पास जातो. आणि रन-पास ऑप्शनमध्ये तर एकाच बचावपटूकडे पाहून क्वार्टरबॅक ऐनवेळी निर्णय घेतो. या शेवटच्या प्रकाराला कॉलेजचे नियम साथ देतात, कारण पास सुटेपर्यंत लाइनमनला तीन यार्ड पुढे जाता येते, जेथे एनएफएलमध्ये फक्त एका यार्डाची मुभा आहे. लाइनमन धावेसाठी पुढे घुसताना दिसतो, लाइनबॅकर त्यावर विश्वास ठेवतो, आणि चेंडू त्याच्या पाठीमागे पडतो.

दुसरा बदल पहिल्या डाउनवर करायचा असतो, आणि माझ्या मते सर्वाधिक फरक तोच पाडतो. पहिल्या डाउनवर नेमाने धावून दोन यार्ड मिळवणारा संघ स्वतःला तिसऱ्या डाउनवर सात-आठ यार्डांच्या कोंडीत ढकलतो, जिथे पास टाकण्यावाचून गत्यंतर नसते आणि ते समोरच्यालाही कळते. तिसऱ्या डाउनवरचे अपयश पुष्कळदा पहिल्या डाउनवरच ठरलेले असते.

वेग आणि मोशन (चेंडू सुटण्याआधीची खेळाडूची हालचाल) यांबद्दल थोडक्यात सांगतो. आक्रमणाने खेळाडू बदलले नाहीत तर बचावाला बदलीसाठी थांबून दिलेला वेळ मिळत नाही, म्हणून घाई करणारा संघ थकलेल्या आणि चुकीच्या गड्यांना मैदानात अडकवून ठेवू शकतो. आणि चेंडू सुटण्याआधी एक रिसीव्हर आडवा पळवला की, त्याच्यामागे कोणी धावते की नाही यावरून क्वार्टरबॅकला बचावाची पद्धत बरीचशी उमगते.

आता कोलंबसला परत जाऊ. विजेतेपद ठरवणारी बारा संघांची प्लेऑफ स्पर्धा २०२४ मध्येच प्रथम आली होती, म्हणून मिशिगनकडून हरूनही ओहायो स्टेटचा हंगाम संपला नाही आणि त्यांना तीन आठवडे मिळाले. मुख्य प्रशिक्षक रायन डे, आक्रमणाचे सूत्रधार चिप केली, क्वार्टरबॅक, जखमांनी खिळखिळी झालेली आघाडीची फळी, सारे तेच राहिले. २१ डिसेंबरला टेनेसीविरुद्ध मात्र संघ सुरुवातीपासून पास टाकत उतरला. पहिल्या क्वार्टरअखेर २१-० अशी आघाडी, हॉवर्डचे २९ पैकी २४ पास अचूक, त्यातून ३११ यार्ड, आणि निकाल ४२-१७. १ जानेवारीला रोझ बोलमध्ये, ऑक्टोबरमध्ये ज्यांनी त्यांना ३२-३१ असे हरवले होते त्या अपराजित ओरेगनवर त्यांनी ३४-० अशी आघाडी घेतली आणि सामना ४१-२१ असा जिंकला. स्मिथने १८७ यार्ड मिळवले, आणि ज्या धावा मिशिगनसमोर गोठल्या होत्या त्याही मोकळ्या झाल्या, कारण बचावाची माणसे आता पास अडवण्यासाठी पांगली होती. रनिंग बॅक ट्रेव्हियन हेंडरसनची ६६ यार्डांची धाव त्याच सामन्यातली.

उपांत्य सामन्यात टेक्सासने यातून धडा घेऊन स्मिथला जखडले आणि पूर्ण सामन्यात त्याला एकच झेल, तोही तीन यार्डांचा, मिळू दिला. जुन्या सवयीचा संघ इथे अडला असता. मध्यंतराला अर्धा मिनिटही उरले नसताना, ७-७ अशा बरोबरीत, हेंडरसनला एक साधा स्क्रीन पास मिळाला आणि तो ७५ यार्ड धावत गेला. सामना २८-१४ असा जिंकला गेला. मला ही चाल त्या महिन्यातली सर्वांत शहाणी वाटते, कारण तिच्यात नवे काहीच नव्हते. बचावाचे लक्ष कुठे लागले आहे एवढेच कोणीतरी नीट पाहिले होते.

२० जानेवारी २०२५ रोजी अटलांटातील अंतिम सामन्यात नोत्र दामने ३१-७ अशा पिछाडीवरून ३१-२३ अशी मजल मारली. तीन मिनिटांहून कमी वेळ उरला होता, ओहायो स्टेटचा तिसरा डाउन होता आणि ११ यार्ड हवे होते. घड्याळ पळते ठेवण्यासाठी धावणे हा अशा वेळी पुस्तकी मार्ग. पण नोत्र दामने स्मिथला एकाच बचावपटूवर सोडलेले पाहून हॉवर्डने त्याच्याकडे ५६ यार्डांचा पास टाकला, त्यानंतर फील्ड गोल झाला आणि ओहायो स्टेटने ३४-२३ असे विजेतेपद मिळवले.

तुमचा आवडता संघ सध्या अडखळत असेल, तर पुढच्या शनिवारी कागद घेऊन बसा आणि केवळ पहिल्या डाउनच्या चाली टिपा: रनिंग बॅक कोणत्या हाताला उभा होता, चेंडू कोणत्या खुणेवर होता, धाव झाली की पास. मध्यंतरापर्यंत पुढची चाल तुम्हाला आधी सांगता येऊ लागली, तर ती समोरच्या लाइनबॅकरलाही सांगता येते आहे. तुमच्या नोंदी खाली अवश्य लिहा. पुढच्या भागात त्यांतल्या एका संघाचे आक्रमण आपण असेच उलगडून पाहू.