कळस: घागरीपासून देवळाच्या टोकापर्यंत

नमस्कार मंडळी. आपण बोलताना "कळस झाला" हे दोन्हीकडे वापरतो बघा, गाणं रंगलं की भैरवीने कळस चढवला म्हणतो आणि कोणी फारच बेताल वागलं की "मूर्खपणाचा कळस!" म्हणून मोकळे होतो. एकच शब्द कौतुकालाही आणि संतापालाही कसा काय चालतो, त्यावर आज बोलायचंय.

मूळ शब्द संस्कृत कलश, म्हणजे पाण्याचं भांडं. तो लोकांच्या तोंडी प्राकृतातून येता येता कळस झाला, आणि पूजेत मात्र कलश तसाच राहिला, म्हणून आपल्याकडे दोन्ही रूपं आहेत. कळशी त्यातलीच. आणि "काखेत कळसा गावाला वळसा" मधला कळसा पण तोच हं, पाण्याचा!

आता हे भांडं देवळावर कशाला गेलं? भरलेला घडा म्हणजे समृद्धी, मंगल, तो सगळ्यात वर ठेवायचा. गाभाऱ्यावर शिखर चढत जातं, वर मानेसारखा अरुंद भाग, त्यावर आमलक म्हणजे आवळ्यासारख्या फाकी असलेला मोठा चपटा गोल दगड, आणि त्याच्यावर कळस. नीट बघितलं तर घड्याचं पोट, गळा आणि वरचं टोक वेगवेगळं दिसतं. बांधकाम संपत आलं की विधीपूर्वक कलशारोहण करतात. मला वाटतं शब्दाची किल्ली इथेच आहे, कळस म्हणजे नुसती उंची नाही, कळस म्हणजे आता याच्यावर आणखी काही रचायचं राहिलं नाही. म्हणून गाणंही तिथे पोचतं आणि मूर्खपणाही.

शिखर आणि कळस मध्ये पण फरक आहे आणि तो जपायला हवा असं मला मनापासून वाटतं. यशाचं शिखर माणूस स्वतः गाठतो, कळस मात्र चढवावा लागतो, आणि खाली सगळं उभं असेल तरच. "आधी कळस मग पाया" हे उलटं म्हणून तर आपल्या कानाला खटकतं.

हे सगळ्यात सुंदर सांगितलं संत बहिणाबाईंनी (तुकारामांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या, खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या). "ज्ञानदेवें रचिला पाया" आणि "तुका झालासे कळस" आपल्या सगळ्यांना पाठ असतं, पण मधलं आपण गाळतो, नामदेवांनी आवार वाढवलं, एकनाथांनी भागवताचा खांब दिला. ज्ञानेश्वरी 1290 सालची, तुकाराम गेले 1650 च्या सुमारास, म्हणजे पायापासून कळसापर्यंत जवळजवळ साडेतीनशे वर्षं आणि इतके हात लागले! तुकाराम सगळ्यांत मोठे असं त्या म्हणतच नाहीयेत, त्या म्हणतायत की देऊळ पुरं झालं.

आणि पंढरपूरला गर्दीत आत जाता येत नाही तेव्हा वारकरी खाली नामदेव पायरीला हात लावतात, वर कळसाला हात जोडतात आणि दर्शन झालं म्हणून परततात. आत मूर्ती असते ती आत गेलेल्यांसाठी, कळस लांबूनही दिसतो, बाहेर राहिलेल्यांनाही. चोखोबांना देवळात येऊ दिलं नाही, त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच आहे, तिथे उभं राहिलं की हे फार लागतं.

बहिणाबाईंनी स्वतःसाठी काय ठेवलं माहितीये? कळसावर फडकणारी ध्वजा.