घराघरांत पोचलेलं नाव

नमस्कार श्रोतेहो. आज दहावी-बारावीच्या मुलांसाठी, आणि त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांसाठीही, एकच इंग्रजी शब्दप्रयोग घेऊ या: ‘अ हाउसहोल्ड नेम’. घराघरांत ओळखीचं झालेलं नाव.

गाईडमधली परकी उदाहरणं मुलं पाठ करतात आणि विसरतात. आपण आपल्याकडचं घेऊ. ‘मच्छिंद्र कांबळी बिकेम अ हाउसहोल्ड नेम इन महाराष्ट्र.’ मालवणी ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्याही घरी मालवणी नाटकांतल्या या नटाचं नाव पोचलं. वाक्यातला ‘अ’ गाळू नका. मराठीत तशी सवय नसल्यामुळे तो हमखास सुटतो. अनेकवचनात मात्र तो जातो: ‘टिळक अँड आंबेडकर आर हाउसहोल्ड नेम्स.’ एकांचा जन्म रत्नागिरीचा, दुसऱ्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे.

आता दशावतार, म्हणजे आपल्या कोकणातलं लोकनाट्य. तुळशीची लग्नं लागली की जत्रा सुरू होतात आणि नाटक मंडळी गावोगाव फिरतात. संवाद लिहिलेले नसतात. पुराणातली कथा ठाऊक असते, बाकी सगळं नट उभ्या उभ्या रचतो, रात्र रात्र रचतो! अशा नटाला कुडाळ-वेंगुर्ल्याच्या वाडीवाडीतली पोरं नावानं ओळखतात. पण जिल्ह्याबाहेर? म्हणून वाक्य असं करा: ‘ही इज अ हाउसहोल्ड नेम इन सिंधुदुर्ग, बट नॉट यट इन पुणे.’ हे लिहिताना मला वाईट वाटतं. पण नाव कुठवर पोचलंय ते ‘इन’ सांगतो, आणि ते खरंच सांगायला हवं. त्यातला ‘नॉट यट’, म्हणजे अजून नाही, मला फार आवडतो.

तारकर्लीच्या स्कूबा डायव्हिंगला हा शब्दप्रयोग लावू नका. सध्या ज्याची क्रेझ आहे त्याला ‘ऑल द रेज’ म्हणतात.

आणखी एक. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. 1832 साली त्यांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढलं. मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर, शेजारी शेजारी. पत्रकारांना ते ठाऊक आहेत, म्हणून ‘ही इज वेल नोन अमंग जर्नलिस्ट्स’. ‘हाउसहोल्ड नेम’ म्हणायला नाव घरात हवं. तुमच्या घरात आहे का? आज जेवताना विचारा, आणि उत्तर येईल त्याप्रमाणे जांभेकरांवर एक इंग्रजी वाक्य वहीत लिहा.