हळद अंगी का लागत नाही, गोळी का लागते

(दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड, सकाळी हळदीचे सौदे सुरू आहेत.)

सौद्याला आलेलं हळकुंड व्यापारी मधोमध मोडतो आणि आतला रंग बघतो. तो गर्द नारिंगी रंग कुरक्युमिनचा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या घरात खोकला असो, मुका मार असो की कापलेलं बोट, पहिला हात हळदीच्या डब्याकडेच जातो. आता तर कुरक्युमिनच्या कॅप्सूलही मेडिकलमध्ये मिळतात.

पण गिळलेलं कुरक्युमिन रक्तात किती उतरतं? १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी हे मोजलं. निरोगी माणसांना २ ग्रॅम कुरक्युमिन दिलं. हळदीत ते साधारण ३ टक्के धरलं, तर त्यासाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद एका बैठकीत खावी लागेल. एवढं देऊनही रक्तात ते सापडलं नाही, किंवा अगदी नावापुरतं सापडलं.

कुरक्युमिन पाण्यात विरघळत नाही, हे पहिलं कारण. बरंचसं तसंच शौचावाटे निघून जातं. जे थोडं आतड्याच्या भिंतीत शिरतं, त्याला तिथेच आणि पुढे यकृतात ग्लुकुरॉनिक आम्ल जोडलं जातं. हा जोड लागला की रेणू पाण्यात सहज मिसळतो आणि शरीर त्याला पित्तातून, लघवीतून बाहेर काढतं.

त्याच संशोधकांनी सोबत २० मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिऱ्याचा तिखटपणा, देऊन पाहिलं. रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. हा आकडा जाहिरातीत ठळक असतो. शून्याला चिकटलेल्या आकड्याची ती वीसपट आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. शिवाय पिपरीन हे काम यकृताचा हात रोखून करतं, आणि तो हात फक्त हळदीपुरता रोखला जात नाही. रक्तदाबाचं प्रोप्रानोलॉल, दम्याचं थिओफायलीन, फिटची फेनिटॉइन, यांचंही रक्तातलं प्रमाण पिपरीनमुळे वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. अशी औषधं चालू असतील, तर हळद-मिऱ्याच्या कॅप्सूलची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातलीच पाहिजे. अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. फोडणीतल्या चिमूटभर हळदीचा हा प्रश्न नाही.

(दृश्य: पाण्याचा ग्लास, तळहातावर ५०० मिलिग्रॅमची पांढरी गोळी.)

आता जी गोळी लागू पडते तिच्या मागे जाऊ. पॅरासिटामॉल. शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन, म्हणजे आत शिरणं, पसरणं, रूप बदलणं आणि बाहेर पडणं, ही चारही कामं तिच्यात स्वच्छ दिसतात.

गोळी जठरात फुटते, पण तिथून रक्तात फारशी जात नाही. खरं शोषण लहान आतड्यात. त्याचा आतला पृष्ठभाग टेनिस कोर्टाएवढा असं जुनी पुस्तकं सांगायची. २०१४ साली स्वीडनमध्ये नव्यानं मोजमाप झालं, तेव्हा तो ३० चौरस मीटरच्या आसपास भरला. औषधाला तेवढाही पुष्कळ होतो. म्हणून गोळी किती लवकर लागू पडेल, हे जठर किती लवकर रिकामं होतं यावर ठरतं. पॅरासिटामॉलच्या बाबतीत हा संबंध इतका पक्का आहे, की जठर रिकामं होण्याचा वेग मोजायला डॉक्टरांनी हीच गोळी वापरली आहे. रिकाम्या पोटी, ग्लासभर पाण्यासोबत घेतली तर अर्ध्या ते एका तासात रक्तातलं प्रमाण शिखरावर जातं. पोटभर भाकरी-पिठल्यावर घेतली तर उशीर होतो. एकूण औषध मात्र जवळपास तेवढंच मिळतं.

सगळ्या गोळ्यांना अशी मुभा नाही. थायरॉईडची गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, नुसत्या पाण्यासोबत. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. लोहाची गोळी चहासोबत घेतली, तर चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. डॉक्सिसायक्लीन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सशी दुधातलं कॅल्शियम तसंच वागतं. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलवरचं आवरण आम्लापासून औषध वाचवायला असतं. गिळता येत नाही म्हणून ती कुटून दिली, तर औषध जठरातच वाया जातं. ‘एसआर’ लिहिलेली मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी कुटली, की दिवसभरात सुटायचं औषध एकदम सुटतं.

आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतातून जातं. पॅरासिटामॉलचा मोठा हिस्सा तिथून सुटतो. काही औषधांचं तिथेच बरंचसं विघटन होतं. छातीत कळ आल्यावर देतात ती सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची असते ती म्हणूनच. तिथलं रक्त यकृत टाळून पुढे जातं. घाईत ती पाण्यासोबत गिळली, तर परिणाम उशिरा येतो आणि कमीही पडतो.

पसरण्याचं काम रक्त करतं. पॅरासिटामॉल जवळपास सगळ्या अवयवांत पोचतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरीनचा ९९ टक्के भाग रक्तातल्या प्रथिनाला चिकटून राहतो आणि उरलेला १ टक्काच काम करतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची वीण घट्ट असते. तरी सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन ती ओलांडतं आणि डोळ्यांवर झापड येते. ही गोळी घेऊन ट्रॅक्टर किंवा दुचाकी चालवू नये.

(दृश्य: मेडिकलच्या काउंटरवर शेजारी शेजारी दोन स्ट्रिप.)

यकृतात पॅरासिटामॉलच्या नव्वद टक्के भागाला ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं जातं. कुरक्युमिनला लागतो तोच जोड, फक्त इथे तो सावकाश लागतो. पाच ते दहा टक्क्यांपासून मात्र नॅपक्वी नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. यकृतातलं ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करतं. मात्रा वाढली की ग्लुटाथायोन संपतं आणि नॅपक्वी यकृताच्या पेशींवरच उलटतं. दारूची सवय असलेल्यांत आणि दीर्घ उपाशी राहिलेल्यांत हा साठा मुळातच कमी.

मोठ्या माणसाची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम. ती ओलांडायला फार काही लागत नाही. तापासाठी ६५० ची गोळी चार वेळा, झाले २६००. सोबत सर्दीची गोळी तीन वेळा, आणि तिच्यातही ५०० पॅरासिटामॉल, म्हणजे आणखी १५००. बेरीज ४१००. नावं वेगळी, आत औषध एकच. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचावं.

लहान मुलांत चूक चमच्यामुळे होते. मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ६ मिलिलिटर, २५० चं असेल तर ३ मिलिलिटर. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. बाटलीसोबतचं माप वापरा, घरातला चमचा नको.

जास्त मात्रा गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवतही नाही. यकृत बिघडल्याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन. पहिल्या आठ तासांत तो सर्वांत गुणकारी. त्रास होत नाही म्हणून घरी थांबू नये.

(दृश्य: मिरज. लॅबचा रिपोर्ट, क्रिएटिनिनच्या ओळीवर बोट.)

१८९४ पासून, डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलच्या काळापासून, मिरजेला लांबलांबचे रुग्ण येतात. त्यांच्या फायलींत हा रिपोर्ट हमखास असतो. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंत तयार होणारा टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंड तो गाळून बाहेर टाकतं. औषधं बाहेर पडण्याचा हिशेब त्यावरून लागतो.

पॅरासिटामॉल रक्तातून निम्मं व्हायला दोन ते तीन तास लागतात, म्हणून ते दिवसातून अनेकदा घ्यावं लागतं. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपीनला ३० ते ५० तास, म्हणून दिवसाला एकच गोळी पुरते. रक्तातली पातळी स्थिर व्हायला निम्मं होण्याचे असे चार-पाच टप्पे जावे लागतात. ॲम्लोडिपीनला आठवडा किंवा थोडा जास्त. तिसऱ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून ती बंद करणं चूक.

मेटफॉर्मिनला यकृत हातच लावत नाही. ते जसंच्या तसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि मूत्रपिंड मंदावलं की साचतं. त्यात ऊसतोडीचं अंगमेहनतीचं काम, पाणी कमी आणि अंगदुखीला रोज डायक्लोफिनॅक असेल, तर मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आणखी घटतं.

वृद्धांत रिपोर्ट फसवतो. ७५ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींचं क्रिएटिनिन १.० आलं, तर लॅब ते नॉर्मल म्हणते. पण आजींचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. वय आणि वजन धरून सूत्रानं हिशेब केला, तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या आसपास निघते. ४५ च्या खाली मेटफॉर्मिनची मात्रा सहसा निम्म्यावर आणतात, ३० च्या खाली ते बंद करतात. आजींच्या फाईलवर क्रिएटिनिनशेजारी वजनही लिहिलेलं असावं.