फाटकाशी थांबलेली गाडी कोणत्या सालची?

मंडळी, नमस्कार. भुसावळात उभं राहून रेल्वेवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. समोर निवृत्त ड्रायव्हर बसलेत, गार्ड बसलेत, शेडमध्ये उभं आयुष्य घालवलेले फिटर बसलेत. इंजिनाबद्दल मी एक शब्द चुकीचा बोललो, तर तिसऱ्या रांगेतून आवाज येईल. म्हणून आज इंजिन तुमच्याकडे ठेवतो आणि मी रुळांच्या शेजारच्या रस्त्यावर उतरतो. मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रूळ-स्टेशनाच्या देखाव्यावर, ज्या छोट्या, ओतीव धातूच्या मोटारी, ट्रक, जीप ठेवतात, म्हणजे ज्यांना आपण डायकास्ट म्हणतो, त्या जमवायच्या कशा, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, एवढी मेहनत इंजिनावर आणि डब्यांवर घ्यायची, मग रस्त्यावर काय उभं आहे त्याला कोण विचारतो? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. इंजिन साल सांगत नाही. डब्ल्यूजी वर्गाची मालगाडीची इंजिनं १९५० पासून १९७० पर्यंत बनत होती आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं धावत होती. लेआउटवर डब्ल्यूजी दिसलं, तर बघणाऱ्याला कळतं ते एवढंच की हा काळ १९५० ते ऐंशीच्या दशकातला कुठलातरी. त्याच लेआउटवर फाटक बंद आहे आणि फाटकाशी मारुती ८०० उभी आहे असं समजा. मारुती डिसेंबर १९८३ मध्ये आली. एका मोटारीनं तीस वर्षांचा गोंधळ मिटवला. आणि तुमच्या मनात १९६८ असेल, तर त्याच मोटारीनं सगळा लेआउट खोटा पाडला.

म्हणून माझी पद्धत अशी : आधी साल ठरवायचं, ते लेआउटच्या कडेला पेन्सिलीनं लिहून टाकायचं, आणि मगच खरेदीला बाहेर पडायचं. मोटार आवडली म्हणून घेतली आणि मग तिला जागा शोधली, हा कपाटाचा छंद झाला. त्यात वाईट काही नाही, पण तो छंद वेगळा.

आता उदाहरण घेऊ. भुसावळ, १९६८. स्टेशनाबाहेरचं आवार. काय काय उभं असेल? खासगी मोटारी फार नाहीत. मोटार हवी म्हटली की नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, तो काळ. एखाद्या डॉक्टरांची, एखाद्या जिनिंगवाल्या शेठची, एखादी सरकारी. अॅम्बॅसेडर चालेल, ती १९५७-५८ पासून आहे आणि मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीवरून आलेली आहे. फियाट ११०० चालेल. मात्र तिच्यावर ‘पद्मिनी’ लिहू नका, ते नाव सत्तरच्या दशकातलं. स्टँडर्ड हेराल्ड चालेल, ती १९६१ पासूनची. मॉडेलच्या बाजारात तीच मोटार ट्रायम्फ हेराल्ड म्हणून मिळते, कारण मूळ गाडी तीच. या तिन्हींतली एकेक पुरे. तुम्ही प्रदर्शनांत बघा, स्टेशनाबाहेर रंगीबेरंगी मोटारींची रांग लावलेली असते, सगळ्या नवरदेवासारख्या चकाचक. आपल्याकडच्या कुठल्या स्टेशनावर अशी रांग त्या काळात लागत होती, सांगा बरं!

खरी गर्दी टांग्यांची, सायकलींची, बैलगाड्यांची, हातगाड्यांची. या डायकास्टमध्ये मिळत नाहीत, त्या हातानं करायच्या. पण त्या नसतील तर बाकीचं व्यर्थ आहे.

आणि ट्रक. इथं मात्र थोडा वेळ थांबू, कारण खानदेशच्या लेआउटवर ट्रक हेच मुख्य पात्र. धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता येतो, सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता धुळे, जळगाव, भुसावळवरून जातो. कापूस, केळी, तेलबिया, सगळं ट्रकनं स्टेशनात येणार. टाटांची टेल्को आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ चा, पंधरा वर्षांचा. तो करार चालू होता तोवर ट्रकच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी होती. १९६९ मध्ये करार संपला आणि चांदणीच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. ट्रक तोच, बॉनेट तेच, फक्त बिल्ला बदलला. म्हणजे १९६८ च्या भुसावळात चांदणीच हवी. तुमचं साल १९७२ असेल तर चांदणीचा ट्रकही चालेल, कारण जुने ट्रक काही कोणी फेकून दिले नव्हते, पण तो मळलेला, पत्रा ठोकून सरळ केलेला असला पाहिजे. आणि त्याच्या शेजारी ‘टी’वाला थोडा नवा. बिल्ला १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या मापात, जेमतेम मिलिमीटरभराचा. तरी जाणकाराची नजर आधी तिथेच जाते, लिहून ठेवा.

हा ट्रक आणायचा कुठून? टाटा-मर्सिडीजचं त्या काळातलं मॉडेल तयार मिळण्याची वाट बघू नका. जर्मन ब्रेकिना कंपनी १:८७ मध्ये मर्सिडीज एल ३११ करते, गोल नाकाचा. आपल्याकडचा एल ३१२ हा त्याच घराण्यातला. ब्रेकिनाची मॉडेलं प्लास्टिकची असतात, त्यामुळे डायकास्टचा हट्ट धरणाऱ्यांनी नाक मुरडू नये. लेआउटवर धातू की प्लास्टिक हे वजन केल्याशिवाय कळत नाही. खरी अडचण दुसरी आहे. जर्मन ट्रक म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. केबिन उघडून ते उजवीकडे न्यायचं, नाहीतर काचेआड ड्रायव्हर उजवीकडे बसवायचा आणि स्टिअरिंग त्याच्या हातांआड लपवायचं. मागचा फाळका मात्र स्वतःच करायचा. लाकडी, उंच, आणि पाठीमागे ‘हॉर्न ओके प्लीज’.

आता मापाचा प्रश्न, कारण सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात. मॉडेल रेल्वेच्या मापांची नावं अशी : एचओ म्हणजे १:८७, ओओ म्हणजे १:७६. दोन्ही धावतात एकाच १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर, म्हणून दुकानदार म्हणतो, साहेब, एकच आहे. एकच नाही. साधारण ४.३ मीटर लांबीची अॅम्बॅसेडर धरा. १:८७ मध्ये ती ४९ मिलिमीटर, १:७६ मध्ये ५७, हॉट व्हील्सवाल्यांच्या १:६४ मध्ये ६७, आणि डिंकी या जुन्या ब्रिटिश खेळण्यांच्या १:४३ मध्ये चांगली १० सेंटिमीटर. पहिल्या दोन मापांतला फरक शेजारी-शेजारी ठेवला तर खुपतो. मोठं पुढच्या कडेला आणि लहान मागे, टेकडीच्या पायथ्याशी ठेवलं तर उलट खोली दिसते. तिसरं आणि चौथं माप लेआउटवर नको. खिडकीतून हात बाहेर काढला तर स्टेशन मास्तरांच्या डोक्याला लागेल.

मॅचबॉक्सबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती प्रत्येकाच्या घरात असते. लेस्नी कंपनीनं १९५३ मध्ये ही मालिका सुरू केली आणि गाडीचं माप खोक्यावर बेतलं. मोटारही त्याच खोक्यात, डबलडेकर बसही त्याच खोक्यात. त्यामुळे मोटार मोठ्या मापाची आणि बस लहान मापाची. म्हणजे मॅचबॉक्सच्या मोटारी आपल्या कामाच्या नाहीत, पण जुन्या बस, मोठे ट्रक, रोडरोलर फूटपट्टी लावून बघा. त्यांतले काही आपल्या मापाच्या जवळ येतात. खरेदीला जाताना खिशात फूटपट्टी हवीच. खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

मी स्वतः गाड्यांसाठी १:७६ कडे झुकतो. कारण साधं आहे. त्या मापात मॉडेलं प्रामुख्यानं ब्रिटनमध्ये होतात, आणि आपल्या रस्त्यावरच्या पन्नास-साठच्या दशकातल्या गाड्या बहुतेक तिकडच्याच वंशाच्या : मॉरिस, ऑस्टिन, बेडफर्ड, लेलँड. स्टिअरिंग आपोआप उजवीकडे. ऑक्सफर्ड डायकास्टची बेडफर्ड ओबी बस घ्या, मॉरिस मायनर घ्या, विलीज जीप घ्या. थोडा रंग, नवी नंबरप्लेट, आणि गाडी आपली.

पण ज्यांना खानदेशचं म्हणून काही करायचंय त्यांना मी १:८७ सुचवेन, आणि त्याचं कारण पाचोरा-जामनेर. आपली नॅरोगेज पीजे. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर होता. त्याला ८७ नं भागा, पावणेनऊ येतात. एन गेज या आणखी लहान मॉडेल रेल्वेचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे! ब्रॉडगेजवाल्यांचं दुःख तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या १६७६ मिलिमीटरला ८७ नं भागलं तर १९ च्या वर जातं आणि आपण १६.५ च्या रुळांवर भागवतो. पीजेवाल्याला ती तडजोड करावीच लागत नाही. पाचोऱ्याचं साल १९५५ धरलं तर गाड्या फारच थोड्या लागतील : लढाईनंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्करानं विकायला काढलेल्या मालात, निघालेली एखादी जीप, एखादा जुना फोर्ड किंवा शेव्हरोले ट्रक, एक एसटी. बाकी बैलगाड्या. खर्च कमी, काम जास्त.

दुसरं टोक घ्या. सावदा किंवा निंभोरा, केळी भरण्याचा दिवस, साल १९८६. दिल्लीकडे जाणाऱ्या वॅगन उभ्या आहेत, घड उतरवताहेत. इथं टाटांचे ‘टी’वाले ट्रक, बजाज टेम्पोची मॅटाडोर, राजदूत, येझदी, लुना, चेतक. चेतक १९७२ ची, त्यामुळे भुसावळच्या १९६८ मध्ये ती नको, तिथे व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा. सावद्याला मारुती ठेवायची असेल तर एकच, आणि लेआउटवरची चकचकीत राहण्याची परवानगी फक्त तिला.

नंबरप्लेट. एमएच १९ जळगाव, एमएच १८ धुळे, हे आज पोरांनाही पाठ आहे. पण ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधीच्या गाडीवर एमएच १९ लिहिलंत तर चांदणी, बॉनेट, सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा तीन अक्षरं आणि पुढे आकडे. आणि एमएच ३९ नंदुरबारचा, तो जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ ला झाला. रंगही बघा : खासगी मोटारीची पाटी पूर्वी काळी, अक्षरं पांढरी. हे शतक सुरू होता होता ते उलटं झालं. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचंही तसंच, आपल्या सुरत-नागपूर रस्त्यावर जुन्या काळात एनएच ६. आजचा ५३ तिथे चालणार नाही.

एसटीवर कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली. सुरुवातीला बेडफर्ड, शेव्हरोले, अल्बियन, लेलँड असे नाना तऱ्हेचे सांगाडे होते आणि बॉडी लाकडी, त्यामुळे पन्नासच्या दशकासाठी बेडफर्ड ओबी रंगवून भागतं. पुढची लाल, पत्र्याची, चौकोनी एसटी मात्र परदेशी मॉडेलांतून निघत नाही. दापोडीच्या वर्कशॉपची ती धाटणीच वेगळी. खाली योग्य मापाच्या ट्रकचा सांगाडा घ्यायचा आणि वर बॉडी कार्डशीटची करायची. हिरवी-पांढरी एशियाड ठेवणार असाल तर तुमचं साल १९८२ च्या पुढचं हवं. ती दिल्लीतल्या खेळांनंतरची.

जुना माल घेताना एक धोका. मॉडेलांचा हा धातू म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडं अॅल्युमिनियम आणि इतर. ओततानाच त्यात शिसं मिसळलं गेलं असेल, तर कालांतरानं आतून भेगा पडतात, फोड येतात, आणि शेवटी भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकीत हे फार. याला इलाज नाही, रंगानं झाकलेलं असतं एवढंच. म्हणून ताजा रंग दिलेली जुनी गाडी दिसली की उलटी करा आणि तळाचे कोपरे बघा. कलकत्त्याच्या निकी टॉइजच्या गाड्या कुणाच्या घरी असतील तर त्या जपून ठेवा. डिंकीच्याच वापरलेल्या साच्यांतून त्या निघायच्या. पण माप मोठं, त्यांची जागा कपाटात. आणि आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मॉडेलं ठेवू नका. मऊ टायर प्लास्टिकला चिकटून ते विरघळवतात, उन्हाळ्यात जास्तच.

चमक काढण्याबद्दल थोडक्यात. तळाचे रिव्हेट बारीक ड्रिलनं काढायचे, काचा बाजूला करायच्या, मॅट वार्निश मारायचं. मग धूळ. ती कोकणातली तांबडी नको. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात करडी, राखाडी उडते. चाकांच्या कमानीत दाट, टपावर विरळ. केळीच्या ट्रकच्या फाळक्यावर चिकाचे तपकिरी डाग हवेत, ज्यांनी केळी भरलीय त्यांना कळेल मी काय म्हणतो ते.

मागून चिठ्ठी आलीय : “पहिली गाडी कोणती घ्यावी?” जीप. विलीज जीप १:७६ मध्ये सहज मिळते, आणि पाचोरा १९५५ असो, भुसावळ १९६८ असो की सावदा १९८६, ती कुठेही खपते. महिंद्राची पुढची सीजे ३बी हवी असेल तर बॉनेट उंच करावं लागेल, पुट्टीनं होतं. हूड टिश्यू पेपरचं करा, फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून. लष्करी हिरवा रंग असेल तर त्यावरचे तारे आधी खरवडा. नंबरप्लेट सर्वांत शेवटी लावा, लेआउटचं साल पक्कं झाल्यावर.